राजपुत्र नसलेला वीर

१

मराठी कादंबरीच्या इतिहासलेखनात वाचक येतो तो बहुधा आवृत्त्यांच्या आकड्याआडून. एखादे पुस्तक वाचनालयांतून फाटेपर्यंत वाचले गेले असे वाक्य लिहिले जाते, त्यानंतर 'तथापि' येते, आणि विवेचन वाङ्मयीन गुणवत्तेकडे वळते. ह्या 'तथापि'च्या अलीकडे जो वाचक उरतो त्याला 'सामान्य' हे विशेषण लावण्याचा प्रघात आहे. एकदा सामान्य म्हटले की त्याचे गाव, जात, पोटाचा धंदा, वाचनाची वेळ आणि जागा ह्यांचा विचार करण्याचे कारण उरत नाही. तो का वाचतो ह्याचेही उत्तर तयार असते : विरंगुळ्यासाठी, वास्तवापासून पळण्यासाठी.

अशा एका वाचकाची ही हकीकत आहे. ते दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत आणि वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. मूळ गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. १९५६ च्या धर्मांतरानंतर घर बौद्ध झालेले, देव्हारा नदीत सोडलेला. ड्यूटीवर निघताना त्यांच्या पत्र्याच्या पेटीत भाकरीचे फडके, एक जादा सदरा, कंदील पुसायची चिंधी आणि एक पुस्तक असे. पुष्कळ वर्षे ते पुस्तक नाथमाधवांचे 'वीरधवल' होते.

दौंड हे जंक्शन आहे. मुंबई-सोलापूर हा मुख्य मार्ग तेथून जातो आणि १८७८ साली सुरू झालेला मनमाडचा फाटा तेथूनच उत्तरेकडे सुटतो. मनमाडला गाडी पोचवली की परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत इंजिनावरची माणसे रनिंग रूममध्ये पडून राहत. तेथे हे गृहस्थ 'वीरधवल' मोठ्याने वाचत. ऐकणाऱ्यांपैकी काहींना अक्षरओळख नव्हती, काहींना होती पण डोळे कोळशाच्या धगीने चुरचुरत असत. प्रकरण अर्ध्यावर असताना 'कॉलबॉय' बोलवायला आला तर पुस्तक मिटले जाई आणि पुढच्या फेरीला, ऐकणारी माणसे बदललेली असली तरी, तेथूनच उघडले जाई. नव्या माणसाला मागचे कथानक सांगण्याचे काम जुना श्रोता करी. त्यामुळे एकाच कादंबरीचे अनेक संक्षेप त्या खोलीत तयार झाले होते, आणि दर संक्षेपात काही प्रसंग गळत, काही वाढत.

छापील संहिता मौखिक परंपरेत परत जाण्याची ही प्रक्रिया अभ्यासकांना अपरिचित नाही. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की 'सामान्य वाचक' म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो येथे वाचक, निवेदक आणि संपादक अशा तीन भूमिका बजावत होता.

२

नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे (१८८२-१९२८). 'वीरधवल' ही त्यांची अद्भुतरम्य कादंबरी १९१३ ची. तिच्या मागे मराठीत निदान अर्ध्या शतकाची परंपरा होती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ मध्ये 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणण्यास आरंभ केला. त्याच वर्षी लक्ष्मण मोरेश्वर हळबे ह्यांची 'मुक्तामाला' आली, आणि १८६८ मध्ये रिसबुडांची 'मंजुघोषा'. पुढे गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना मराठी पेहराव चढवला. तळघरे, भुयारे, कपटी कारभारी, अघोरी साधक, तलवारीचा खणखणाट आणि अखेरीस सत्पक्षाचा जय ही सामग्री ह्या सर्वांनी थोड्याबहुत फरकाने वापरली.

ह्या परंपरेविषयी मराठी समीक्षेचे मत फारसे अनुकूल नाही, आणि त्याला कारणे आहेत. वि. का. राजवाड्यांनी १९०२ मधील 'कादंबरी' ह्या निबंधात अद्भुत आणि वास्तविक हा भेद चर्चेत आणला. भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' अशा तीन प्रवृत्ती मानल्या आणि सामाजिक वास्तवाला भिडणाऱ्या पहिल्या प्रवृत्तीच्या बाजूने कौल दिला. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये विधवांच्या स्थितीविषयी लिहिले असताना त्यानंतरच्या लेखकांनी राजकन्यांच्या अपहरणात रमावे, हे समर्थनीय नाही अशी ही भूमिका आहे. तिच्यातील नैतिक आग्रह आजही नाकारता येत नाही.

तथापि ह्या भूमिकेतून 'पलायन' ही जी संकल्पना रूढ झाली ती तपासून पाहण्यासारखी आहे. पलायन म्हटले की कोण, कोठून आणि कोठे पळतो हे सांगावे लागते. नाथमाधव तरुणपणी सिंहगडाच्या परिसरात शिकारीस गेले असता कड्यावरून कोसळले आणि त्यांचे कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. त्यानंतरचे जवळजवळ सगळे लेखन त्यांनी अंथरुणावरून केले. घोड्यावर मांड टाकून रानोमाळ फिरणारे वीर ज्याने निर्माण केले, त्याला स्वतःच्या पायाने उंबरठाही ओलांडता येत नव्हता. येथे पलायन हा शब्द वापरणाऱ्याने थोडे थांबायला हवे. दुसऱ्या टोकाला तो वाचक पाहावा. तो आठवड्यातून अनेकदा शेकडो मैल जात होता, परंतु त्याचा प्रवास दोन रुळांवरचा होता. वळायचे कोठे हे सांधेवाला ठरवी, थांबायचे कोठे हे सिग्नल ठरवी. त्याच्या हाती फावडे होते आणि आगीचे तोंड होते. चालू न शकणाऱ्या लेखकाने लिहिलेली भटकंती, वाटेल तेथे वळू न शकणारा प्रवासी वाचत होता. ह्या व्यवहाराला नुसते पलायन म्हणणे म्हणजे त्याचे वर्णन टाळणे होय.

३

ह्या वाचकाची मुलगी मराठी घेऊन एम.ए. झाली आणि १९८० नंतरच्या दशकात एम.फिल.साठी तिने 'मराठीतील अद्भुत कादंबरी' हा विषय मांडला. मार्गदर्शक व्यासंगी आणि विद्यार्थ्यांविषयी कळकळ असलेले गृहस्थ होते. त्यांनी तिला समोर बसवून विचारले, "अहो बाई, तुमच्यासारख्या घरातून आलेल्या विद्यार्थिनीने ह्या भाकडकथांवर दोन वर्षे का घालवावीत? तुमच्या माणसांचे जगणे ज्या साहित्यात आले आहे त्यावर लिहा." प्रश्न सद्भावनेने विचारला होता आणि तो तिला पटलाही. तिने ग्रामीण कादंबरीतील वास्तवाचे स्वरूप हा विषय घेतला, प्रबंधिका चांगली झाली, आणि काही वर्षांनी शिरूरच्या परिसरात तिला अध्यापनाची नोकरीही मिळाली.

'तुमच्या माणसांचे जगणे' ह्या शब्दप्रयोगात एक गृहीत दडलेले होते, ते तिच्या लक्षात पुष्कळ उशिरा आले. तिच्या माणसांनी काय भोगले हे साहित्याचा विषय होऊ शकत होते. तिच्या माणसांनी काय वाचले, हे मात्र होऊ शकत नव्हते.

१९९० च्या सुमारास वडील निवृत्त झाले. तोपर्यंत कोळशाची इंजिने जाऊन डिझेल आले होते आणि फायरमनचा 'डिझेल असिस्टंट' झाला होता. क्वार्टर रिकामे करून शिरूरला बिऱ्हाड हलवायचे होते. आवराआवर मुलीने केली. पलंगाखालच्या पेटाऱ्यात पुस्तके होती : दोन निरनिराळ्या आवृत्त्यांतील 'वीरधवल', दातारांच्या काही कादंबऱ्या, पाने सुटलेला 'हातिमताई', बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची चळत, आणि अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा'. तिने 'फकिरा' काढून घेतली आणि बाकीचे रद्दीवाल्याला दिले. 'फकिरा' हे साहित्य होते. तिच्या अभ्यासक्रमात ती होती.

संध्याकाळी वडील आले. रिकामा पेटारा पाहून त्यांनी एवढेच विचारले, "किती भरलं वजन?"

"अकरा किलो, दादा."

"बरं." असे म्हणून ते पेटाऱ्याला बांधायची दोरी शोधू लागले.

४

त्यानंतर काही वर्षांनी पुण्याच्या पदपथावरून तिने रॉबर्ट हॉवर्डच्या कथांचे एक जुने इंग्रजी पुस्तक आणले. नियतकालिकासाठी अद्भुतकथेवर टिपण लिहायचे होते, एवढेच निमित्त. हॉवर्ड हा टेक्सासमधील क्रॉस प्लेन्स ह्या आडगावी राहणारा लेखक. १९०६ मध्ये जन्मला आणि १९३६ मध्ये, तिशीतच, त्याने स्वतःचा अंत करून घेतला. 'विअर्ड टेल्स' ह्या स्वस्त मासिकाच्या डिसेंबर १९३२ च्या अंकात त्याची कोनन ह्या रानटी वीराची पहिली कथा आली. ज्ञात इतिहासाच्या आधीचे एक कल्पित युग, त्यातील जीर्ण आणि विलासी राज्ये, सर्पपूजक मांत्रिक, आणि उत्तरेकडच्या धुकट डोंगरांतून उतरलेला, कधी चोर, कधी चाचा, कधी भाडोत्री सैनिक असा भटकत राहणारा नायक. ह्या कथाप्रकाराला 'तलवार आणि जादू' हे नाव १९६१ मध्ये फ्रिट्झ लायबर ह्या लेखकाने सुचवले. कोननची एकच संपूर्ण कादंबरी हॉवर्डने लिहिली. ती १९३५-३६ मध्ये त्याच मासिकात क्रमशः आली.

एका रात्री शिरूरच्या घरी वीज गेली होती. वडिलांनी पुस्तकाच्या वेष्टनावरचे चित्र कंदिलाजवळ नेऊन पाहिले आणि गोष्ट विचारली. मुलीने सांगितली. ह्या वेळी वाचणारी ती होती आणि ऐकणारे ते.

"हा कुणाचा पोर म्हणायचा?" त्यांनी मध्येच विचारले.

"लोहाराचा."

"आणि राजा होतो?"

"होतो. आधीच्या राजाला मारून."

"मग शेवटाला राजाचाच पोरगा निघत असंल. लहानपणी हरवलेला."

"नाही दादा. शेवटपर्यंत लोहाराचाच."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग आपल्यातला दर बारीला राजाचाच का निघतो गं?"

हा प्रश्न कोणत्याही परिसंवादात विचारला गेला असता तर त्याला सैद्धांतिक म्हटले गेले असते. भारतीय कथापरंपरेत भटकंती ही बहुधा तात्पुरती अवस्था असते. नायक वेषांतर करतो, वनवासात जातो, चाकरी पत्करतो, आणि मग खूण पटते. खूण पटणे, म्हणजे अभिज्ञान, हा कथेचा कळस असतो. अंगठी, तीळ, कवच, दाईची साक्ष ह्यांपैकी काहीतरी पुढे येते आणि कळते की ज्याचा पराक्रम आपण पाहिला तो मुळातच पराक्रमी कुळातला होता. पराक्रमाने कुळ मिळत नाही. कुळाने पराक्रमाचा खुलासा होतो. कर्ण हे ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण. सूतपुत्राने अर्जुनाशी बरोबरी करावी ही गोष्ट महाकाव्याला तशीच सोडता येत नाही. तो कुंतीचा पुत्र असावा लागतो. ज्याच्या जन्मामागे असे रहस्य नाही त्या एकलव्याचा अंगठा जातो. विसाव्या शतकातील मराठी अद्भुत कादंबरीने इंग्रजी रेनॉल्ड्सकडून भुयारे घेतली, अरबी कथांतून राक्षस घेतले. परंतु हा जन्मरहस्याचा सांगाडा तिला कोणाकडून घ्यावा लागला नाही. तो घरचाच होता.

लोकपरंपरेत वेगळी शक्यता होती हे येथे नोंदवले पाहिजे. ग्युंटर सोंथायमर ह्यांनी धनगरांच्या ओव्यांचा जो अभ्यास केला त्यात मेंढरांमागे फिरणाऱ्या माणसांचे आणि बिरोबा-म्हसकोबासारख्या भटक्या देवांचे जग दिसते. तेथे रान हे वनवासाचे ठिकाण नसून घर आहे. शिरूर आणि दौंड ह्या दोन्ही तालुक्यांच्या माळांवर हे कळप आजही उतरतात. तरीही छापील कादंबरीने आपला भटका वीर ह्या ओव्यांतून घेतला नाही. तो राजवाड्यातून आणला आणि काही काळापुरता माळावर सोडला.

ह्यामागे केवळ वाङ्मयीन संकेत होता असे म्हणणे अपुरे ठरेल. ज्या काळात अद्भुत कादंबरी बहरली त्याच काळात भटकणे हा कायद्याने संशयाचा विषय झाला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची व्यवस्था सुरू केली. पुढे तिची व्याप्ती वाढत गेली आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. जमातीच्या माणसांना हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे. म्हणजे एकाच वेळी छापखान्यातून निघणाऱ्या पुस्तकात राजपुत्राचे भटकणे हे साहस होते आणि पोलीस पाटलाच्या वहीत दुसऱ्या कोणाचे भटकणे हा गुन्हा होता. वाचकाच्या मनात ह्या दोन नोंदी शेजारी शेजारी राहत असतील, ही गोष्ट समीक्षेने विचारात घेतलेली नाही.

हॉवर्डचा वीर ह्या अडचणीतून पूर्णपणे सुटला आहे असेही नाही. मुलीने पुढे सगळे पुस्तक वाचले तेव्हा तिला दिसले, की लोहाराच्या पोराला राजा करणारा हा लेखक वंशाच्या कल्पनेला घट्ट चिकटून आहे. त्याच्या कल्पित युगात प्रत्येक जमातीचा स्वभाव तिच्या रक्ताने ठरतो, आणि काळ्या वर्णाच्या लोकांचे चित्रण त्या काळच्या अमेरिकन वर्णद्वेषाच्या चौकटीतलेच आहे. पुढच्या दाराने बाहेर घालवलेले कुळ मागच्या दाराने वंश होऊन आत आले होते. तिने हे वडिलांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे तिथंबी रगतच की." त्यांच्या आवाजात निराशा नव्हती. मोजमाप दुरुस्त करून घ्यावे तसे ते बोलले.

५

राहिला प्रश्न जादूचा. देव्हारा नदीत सोडलेल्या, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला मंत्रतंत्रांनी भरलेली पुस्तके का आवडावीत? बुद्धिवादी भूमिकेवरून पाहता ही विसंगती आहे, आणि मुलीनेही ती एकदा बोलून दाखवली होती.

शिरूरला कर्नल वॉलेस ह्या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. तो १८०९ मध्ये तेथील छावणीत वारला. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये नमूद आहे, की आसपासचे लोक त्याला 'सत्पुरुष' मानत, तेथे नवस बोलत आणि सुगीला पहिल्या धान्याचा नैवेद्य दाखवत. परदेशातून आलेला तलवारबहाद्दर मेल्यावर ग्रामदैवतांच्या पंक्तीत बसावा, ह्यात गावाच्या भीतीचा आणि भक्तीचा इतिहास आहे. ह्या वाचकाची आजी त्या कबरीवर जोंधळ्याची कणसे ठेवी, असे घरात सांगत. वडिलांनी ते बंद केले. मात्र दर वर्षी १ जानेवारीला ते कोरेगाव भीमाला जात. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री ज्या छावणीतून कॅप्टन स्टॉन्टनची पलटण कोरेगावकडे निघाली ती शिरूरचीच, आणि तिच्यात महार शिपाई होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभापाशी गेले, तेव्हापासून त्या दगडावरच्या नावांना नवा अर्थ आला. ज्यांची वंशावळ कोणत्याही दप्तरात सापडणार नव्हती, त्यांची नावे तेथे कोरलेली होती. तीही एका साम्राज्याच्या लष्कराने, स्वतःच्या कामासाठी कोरलेली. परंतु वाचणाऱ्याने ती आपल्या कामासाठी वाचली. वाचक संहितेशी काय करू शकतो ह्याचे महाराष्ट्रात ह्याहून मोठे उदाहरण नसेल.

कबर सोडली, स्तंभ धरला आणि 'वीरधवल'ही सोडले नाही, ह्यात सुसंगती होती. ती त्यांच्या एका वाक्यातून मुलीला कळली. ते म्हणाले होते, "मंतर तोडता येतो, एवढं त्या पुस्तकात हाय. दुसऱ्या कुठल्या पुस्तकात मला ते गावलं न्हवतं." ह्या प्रकारच्या कथांत जादू बहुधा प्रतिपक्षाकडे असते. मांत्रिक हा गुप्त विद्येचा मक्तेदार असतो. त्याची भाषा इतरांना कळत नाही, आणि ती कळू नये ह्यातच त्याचे सामर्थ्य असते. नायकाकडे विद्या नसते. मनगट असते, आणि भीती वाटत असतानाही पुढे पाऊल टाकण्याची तयारी असते. ज्या समाजात मंत्र ऐकणाऱ्याच्या कानांविषयी शास्त्राने शिक्षा सांगितल्या, त्या समाजातील मंत्र ऐकण्यास बंदी असलेल्या माणसाने ही कथा ऐकणे, आणि मंत्राचा अर्थ जाणणाऱ्या घरातील मुलाने ती वाचणे, ही दोन वाचने एक नव्हेत. दुसऱ्यासाठी ती चमत्कृती असेल. पहिल्यासाठी ती मक्तेदारी मोडण्याची तालीम होती.

म्हणूनच त्यांना त्या कथेचा शेवट खटकत होता. मंत्र तुटतो, पण कुळ तुटत नाही. अर्धे काम करून कादंबरी थांबते.

१९५९ साली 'फकिरा' प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. अण्णा भाऊंनी ती डॉ. आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे. दलित साहित्याची पूर्वपीठिका, ग्रामीण कादंबरी, ऐतिहासिक-प्रादेशिक कादंबरी अशा अनेक अंगांनी तिचा विचार झाला आहे. तिच्यावर रोमँटिकपणाचा आणि अतिरंजिततेचा आक्षेपही घेतला गेला. वीर फार उंच, घोडा फार वेगवान, शौर्य फार निखळ, असा त्या आक्षेपाचा आशय. वास्तववादाच्या निकषावर तो चूक नाही. परंतु ह्या कादंबरीच्या आरंभी काय आहे? एका गावाची जोगणी दुसऱ्या गावात आणण्यासाठी राणोजी मांग जत्रेत शिरतो, ती उचलतो आणि तिच्यासाठी प्राण देतो. जोगणी ज्या गावात जाते त्या गावाला बरकत येते अशी श्रद्धा. म्हणजे आरंभीच एक शक्तिवस्तू आहे, तिच्यासाठी तलवार आहे आणि वीराचा मृत्यू आहे. हा अद्भुत कादंबरीचाच घाट आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की जोगणीची बरकत साऱ्या गावाला मिळते आणि तिची किंमत गावाबाहेरच्या वस्तीतला माणूस मोजतो. त्याचा मुलगा फकिरा वीर होतो तो कोणतेही जन्मरहस्य न उलगडता. ज्याला हजेरी द्यावी लागते तोच माणूस रानात उतरतो आणि उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो. कायद्याच्या वहीतील नोंद आणि कादंबरीतील वीर येथे प्रथमच एक होतात. शेवटपर्यंत तो राणोजीचाच मुलगा राहतो.

रनिंग रूममध्ये 'वीरधवल'नंतर वडिलांनी 'फकिरा' वाचायला घेतली होती, हे मुलीला माहीत होते. पुस्तके एका पेटाऱ्यात होती, एकाच आवाजात वाचली गेली होती. तिच्या अभ्यासक्रमाने मात्र त्यांच्यामध्ये एक भिंत घातली होती. अलीकडे रंजन, पलीकडे वास्तव. अलीकडचे अकरा किलो तिने तराजूत टाकले आणि पलीकडचे एक पुस्तक जपून ठेवले.

विजेविना गेलेल्या त्या रात्रीनंतर तिने एकदा वडिलांना विचारले, "दादा, 'फकिरा' वाचल्यावर त्या मनमाडच्या मंडळींना काय वाटलं होतं?"

"काय वाटायचं? एक जण म्हणाला, ह्यो मांगाचाच ऱ्हायला की शेवटपत्तोर. दुसरा म्हणाला, ऱ्हाऊ दे की. मग समदे हासले. मग कॉलबॉय आला."

ह्या तीन वाक्यांत मराठी कादंबरीच्या एका वळणाची जी नोंद आहे ती कोणत्याही वाङ्मयेतिहासात नाही. त्या श्रोत्यांना फकिराचे शेवटपर्यंत मांग राहणे हे आश्चर्य वाटले, कारण त्यांच्या कानांत आधीचे सगळे राजपुत्र होते. 'वीरधवल' ज्याने ऐकलेली नाही त्याला ह्या आश्चर्याचा अर्थ लागणार नाही; त्याला फकिरा हा नायक मांग असणे ही केवळ माहिती वाटेल. रंजनप्रधान कादंबऱ्यांनी एक अपेक्षा घडवली होती, आणि 'फकिरा'ने ती अपेक्षा तिच्याच भाषेत मोडली. प्रश्न एका पुस्तकात होता, उत्तर दुसऱ्यात. वाङ्मयेतिहासाने उत्तर जपले आणि प्रश्न रद्दीत घातला. पुढे ज्या विद्यार्थ्यांना केवळ उत्तर शिकवले गेले त्यांना ते कोरडे वाटले तर दोष त्यांचा नव्हे.

ह्याचा अर्थ 'मुक्तामाला' आणि 'यमुनापर्यटन' ह्यांचे मूल्य एकच मानावे असा नाही. वाङ्मयीन मूल्यांचा भेद खरा आहे आणि तो पुसून टाकण्यात कोणाचेच हित नाही. दुय्यम साहित्यालाही वाचक असतो आणि त्या वाचकाला बुद्धी असते, इतके मान्य केले तरी पुष्कळ होईल. पुस्तक अर्धवट असले तरी वाचन अर्धवट असेलच असे नाही. ज्या कादंबरीने अर्धे काम करून सोडले, तिच्या वाचकाने उरलेले अर्धे काम चाळीस वर्षे मनात चालू ठेवल्याचे येथे दिसते.

वडील २००० नंतर काही वर्षांनी गेले. शोकसभेत मुलीने त्यांच्या नोकरीविषयी आणि चळवळीतील कामाविषयी सांगितले. वाचनाविषयी तिला तेथे नीट बोलता आले नाही. त्यानंतरच्या वर्षी तिने एम.ए.च्या वर्गात 'फकिरा' शिकवण्यापूर्वी दोन तास 'वीरधवल' वाचून दाखवली. पुस्तक जुन्या बाजारातून पुन्हा विकत आणावे लागले. ते तिच्या घरातलेच होते की दुसऱ्या कोणाचे, हे कळण्याजोगी खूण त्यावर नव्हती. वाचन संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने हात वर करून विचारले, "मॅडम, पण तो राजाचाच मुलगा निघणार, हे पहिल्यापासून कळतंय. मग वाचायचं कशाला?"

तिने फळ्यावर काही लिहिले नाही. "पुढच्या तासाला 'फकिरा' घेऊन या," एवढेच ती म्हणाली.